अण्णांना वाचून दाखवलेली कादंबरी

चैत्राचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्याकडे वाऱ्याबरोबर भोंगे ऐकू यायला लागतात. दुपारी कांद्याची पात कापत बसावं, तर पूर्वेकडून एका गावचा भोंगा येतो. वारा फिरला की तो जातो आणि नदीपलीकडच्या गावचा येतो. शब्द काही कळत नाहीत. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा घाटाची, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीची, चढण चढून वर आला की पुकारणारा जो 'भिर्रर्र' लांबवतो, तेवढा ओळखू येतो. मग माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, हातातला विळा न थांबवता सांगतात, "कुनाची तरी बारी झाली बग." बारी म्हणजे गाड्याची एक धाव. म्हणता म्हणता संपते. पण तेवढ्यासाठी आमच्या जुन्नर-आंबेगावातली माणसं वर्षभर बैलांना पोटच्या लेकरांपेक्षा बरं खाऊ घालतात, असं आईंचं म्हणणं आहे. माझा नवरा संदीप हा त्या लेकरांपैकीच एक असल्याने तो लगेच मान डोलावतो.

यंदाही कांदा निघाला आहे. हाताला पातीचा वास बसलाय तो साबणाने जात नाही, मी शाळेतून तपासायला आणलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यालासुद्धा लागतो. घरोघरच्या गाद्या उन्हात पडल्या आहेत, कारण यात्रेला पाहुणे येणार. बांधावरच्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या मीठ लावून खायच्या आणि दात आंबले म्हणून तक्रार करायची, हेही सुरू आहे. आणि हे सगळं असं जमून आलं की मला दर वर्षी एक कादंबरी आठवते. तिचा कांद्याशी, बैलांशी किंवा आमच्या तालुक्याशी काडीचा संबंध नव्हता.

तिचं नाव सांगत नाही. लेखकाने मन लावून लिहिली आहे, आणि आमच्या घरी तिची जी गत झाली ती कळली तर त्याला वाईट वाटेल. समुद्रकाठच्या एका शहरात नकाशे काढणारा एक माणूस असतो. एका सकाळी तो जागा होतो आणि त्याला दिसत नाही. बाकी सगळं जाडजूड पुस्तकभर त्याचं मन. नारायणगावच्या वाचनालयातून मी ते पुस्तक मुद्दाम आणलं होतं. त्या वर्षी माघात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, नजर अशीच एकाएकी गेली होती.

अण्णांचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी शेती केली, संसार केला, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे घाटात माईक धरला. आजूबाजूच्या गावांच्या यात्रांत गाडे पुकारायला अण्णाच. मधली बरीच वर्षं शर्यतींवर बंदी होती. तेव्हा उन्हाळा आला की हा माणूस आजारल्यासारखा दिसायचा. गोठ्यात म्हशीला पाणी पाजताना तिलाच पुकारायचे, कुठून आली, कुणाच्या दावणीची, कशी चालते. शेवटी एक लांब भिर्रर्र. म्हैस जागची हलायची नाही. मग शर्यती पुन्हा सुरू झाल्या, अण्णांचा आवाज पुन्हा वाऱ्यावर आला, आणि थोड्याच दिवसांत हे असं झालं.

अंगणात खांबाला आरसा टांगून ते दाढी करत होते. अर्धी दाढी झाली आणि आरसा दिसेनासा झाला. आम्ही सगळे घरातच होतो, पण त्यांनी हाक मारली नाही. उरलेला गाल चाचपत चाचपत पुरा केला, वस्तरा धुतला, तोंड पुसलं आणि मग आईंना म्हणाले, "जरा हिकडं ये. मला दिसंना झालंय." पुढे कधीतरी मी विचारलं, तेव्हाच का नाही हाक मारली? म्हणाले, "अर्ध्या दाढीनं दवाखान्यात कोन जातंय?"

पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. डोळ्याच्या नसेला रक्त पुरेनासं झालं होतं. आता नजर यायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. संदीप खाली मान घालून उभा होता, मला रडू येत होतं. अण्णांनी विचारलं, "डाक्टर, आवाजाला काय व्हनार न्हाई ना?" डॉक्टर गोंधळून म्हणाले, आवाजाला काय होणार? "मंग झालं," अण्णा म्हणाले.

झालं कसलं. त्यांना काय हवंय ते घरात सगळ्यांना कळत होतं, आणि ते मिळणार नाही हेही कळत होतं. चैत्रात गावची यात्रा होती. त्यांना घाटात माईक हवा होता. पण जो गाडा दिसत नाही तो पुकारायचा कसा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. त्यामुळे कुणी तो विषयच काढत नव्हतं.

मी कादंबरी चोरून वाचायची. अण्णांच्या मनात काय चाललं असेल ते त्यातून कळेल, असं मला वाटत होतं. माझं माहेर जुन्नर शहरातलं, पुस्तकांच्या कपाटाशेजारी झोपून मी लहानाची मोठी झाले. काही अडलं की पुस्तकात बघायची सवय अजून गेलेली नाही. ओट्यावर बसून वाचत होते तर अण्णा बाजेवरून म्हणाले, "वैशाली, रोज काय वाचती गं? पानं उलटल्याली ऐकू येत्यात."

"कादंबरी आहे, अण्णा."

"कशावर हाय?"

"शेतीवर," मी म्हणाले.

"आंधळ्या मानसाची गोष्ट हाय ती," आई आतून म्हणाल्या. मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. "रोज वाचून डोळं पुसती तुमची सून."

मला वाटलं आता अण्णा गप्प होतील, नाहीतर चिडतील. ते उठून बसले. "मंग मोठ्यानं वाच की. आमच्यावर ल्हिवलंय आन आमालाच न्हाई व्हय?"

तेव्हापासून रोज दुपारी शाळा सुटून आले की कांद्याच्या बराखीपाशी आमचं वाचन सुरू झालं. बराखी म्हणजे कांदा साठवायची तट्ट्यांची लांबोळकी खोली. तिच्या सावलीत बायका कांदा निवडत बसायच्या, मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा. आईंनी अण्णांच्या हातातला विळा कधीच काढून घेतला होता. त्यांना गोणीचं तोंड धरून बसायचं काम दिलं होतं. मी उपड्या पाटीवर बसून वाचायची. कांद्याने सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असायचं, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळायचं नाही. माझी त्यात सोय झाली.

पहिलं प्रकरण मी अगदी जीव ओतून वाचलं. नायक उठतो, त्याला दिसत नाही, तो खिडकीपाशी जातो, गार काचेला कपाळ लावतो आणि स्वतःच्या आयुष्याचा विचार करत उभा राहतो.

"मुतायला गेला न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"अवो, सून हाय समोर," आई म्हणाल्या.

"सूनच वाचतीया ना. मानूस सकाळी उठला की आधी कुठं जातो? ह्याला दिसत न्हाई, म्हंजी हा भिताडं चाचपत जानार, उंबऱ्याला ठेचकळनार. खरी गोष्ट तिथं हाय. आन ह्यो खिडकीत हुबा."

बायका हसून हसून कांद्यात लोळायच्या बाकी राहिल्या. मी पान उलटलं. पुढे लेखकाने काळोखाचं वर्णन केलं होतं, घनदाट काळोख, काळोखाचा समुद्र, वगैरे. मला ते फार आवडलं होतं, पेन्सिलीने खूणही केली होती.

"काळं न्हाई," अण्णा म्हणाले. "काळं दिसाया बी डोळं लागत्यात. तुज्या पाठीला काय दिसतं सांग बरं."

"काहीच नाही."

"काळं दिसतं का?"

"नाही."

"बास. तसं हाय ते." मी पेन्सिलीची खूण खोडून टाकली. पुस्तक वाचनालयाचं होतं, नाहीतरी खोडायलाच हवी होती.

असं रोज चाललं. दृष्टी गेल्यावर नायकाचे कान तल्लख होतात, तिसऱ्या घरावरचा पाऊसही त्याला वेगळा ऐकू येतो, असं एक प्रकरण होतं. अण्णा म्हणाले, "कान व्हते तेवढंच हायेत. उलट आता जो तो माज्याशी वरडून बोलतोय. डोळं गेल्यात का कान, हेच लोकास्नी कळंना. त्यानं कानाला दडा बसायची वेळ आली." हे अगदी खरं होतं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस अंगणातूनच गर्जना करत यायचा. दुसऱ्या एका प्रकरणात नायक माणसांच्या चेहऱ्यावरून हळुवार बोटं फिरवून त्यांना ओळखतो. अण्णा म्हणाले, "म्हंजी बबन आला की मी त्याच्या थोबाडावरून हात फिरवू?" बबनराव म्हणजे आमच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. भरघोस मिशा, तोंडात कायम तंबाखू. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला दोन पानं वाचताच आली नाहीत.

नायकाची बायको तिसऱ्या प्रकरणात त्याला सोडून जाते. अण्णांनी लगेच विचारलं, मग चहा कोण करतं? कप कुठे ठेवला ते सांगतं कोण? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. "मंग बघ पुढं कुठं आलंय का." ही चहाची चौकशी शेवटपर्यंत चालली. निवडणाऱ्या बायकासुद्धा मी आले की आधी विचारायच्या, "घेतला का वो त्यानं च्या?" त्याने नाही घेतला. तो शेवटी एकटाच समुद्रकाठी जाऊन बसतो आणि त्याच्या मनाला शांती मिळते. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकलाच बसलाय? मंग भरती आली तर त्याला उठ म्हनून कोन सांगनार?"

हसता हसता माझ्या मनात मात्र लेखकाची बाजू घ्यायची ऊर्मी यायची. काहीही म्हटलं तरी मी वाचणाऱ्यांच्या जातीची. एकदा मी जरा तोऱ्यात म्हणाले, अण्णा, सगळं खोटं असतं तर इतक्या लोकांनी वाचलं नसतं. ते म्हणाले, "खोटं कुठं म्हनतोय? त्याला डोळं हायेत, त्यो डोळं मिटून बघतोय. मला मिटायचं कारनच न्हाई." आमच्या वावरातून खोडदच्या दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या दिसतात, आकाशाकडे तोंड करून हळूहळू वळणाऱ्या. तिथे काम करणारे एक गृहस्थ घरच्यासाठी कांदा न्यायला आले होते. ते म्हणाले, या तबकड्या आकाश बघत नाहीत, तिकडून येणाऱ्या लहरी पकडतात, रेडिओसारख्या. "म्हंजी त्येबी आमच्यातलंच," अण्णा म्हणाले, आणि त्या गृहस्थांना दोन कांदे जास्त घालायला सांगितले.

एक पान मात्र त्यांनी परत वाचायला लावलं. नायकाकडे एक मित्र आलेला असतो. नायक त्याच्याशी बोलत बसतो, जुन्या आठवणी काढतो, आणि मधेच त्याच्या लक्षात येतं की मित्र केव्हाच उठून गेलाय. तो रिकाम्या खुर्चीशी बोलत होता. मी वाचलं आणि वर बघितलं, तर अण्णांच्या हातातलं गोणीचं तोंड मिटून गेलं होतं आणि बाईने ओतलेले कांदे बाहेर सांडत होते.

"हे त्यानं बराबर ल्हिवलंय," ते म्हणाले. "परवा बबन असाच उठून गेला. मी आपला बोलतोय, बोलतोय. यात्रंचं बोलत व्हतो."

त्या दुपारी कुणी हसलं नाही. मला बबनरावांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की तेही काय करणार होते. यात्रेचा विषय निघाल्यावर अण्णांच्या तोंडासमोर बसणं त्यांना जड गेलं असणार. कुणी काही ठरवलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरातला माणूस अण्णांजवळून उठला की 'मी चाललो' म्हणून जातो. अजूनही. शाळेत वर्गातून बाहेर पडताना माझ्या तोंडून तेच निघतं आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

यात्रेच्या आठ-एक दिवस आधी बबनराव नारळ घेऊन आले. अंगणातून न ओरडता आले, यावरूनच मला शंका आली. म्हणाले, "अण्णा, यंदा कमिटीनं ठरवलंय, तुमचा सत्कार करायचा. स्टेजवर पुढच्या खुर्चीत तुमी. शाल, श्रीफळ, फेटा, समदं."

"आन पुकारनार कोन?"

"घोडेगावच्या बाजूचा एक पोरगा सांगितलाय. बरा बोलतो."

"बरा हाय," अण्णा म्हणाले. "आवाज खाली पडत न्हाई त्याचा." चहा झाला, बबनराव "मी चाललो अण्णा" असं सांगून गेले. त्यानंतर अण्णांनी आईंना विचारलं, "चैताच्या उनात शाल पांघरायची म्हंजी काय गं?" आई म्हणाल्या, मान असतो तो. अण्णा म्हणाले, "मान न्हाई. झाकन हाय." त्या रात्री ते जेवले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना. पुस्तक उघडून बघितलं, तर त्यातला नायक समुद्रकाठी शांत बसला होता. मी ते मिटून पिशवीत टाकलं.

यात्रेचा दिवस उजाडला तोच ऊन घेऊन. पहाटे देवाचा अभिषेक झाला, घरोघरी पुरण शिजलं, आणि दुपार व्हायच्या आत सगळं गाव घाटाकडे लोटलं. घाट म्हणजे चढाची लांब सरळ धावपट्टी. खाली गाडे जुंपतात, निशाण पडलं की सोडतात, आणि वर शेवटच्या टोकाला स्टेज. गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडीस्वार पळतो आणि त्याच्या मागे बैल. बायका लांब आंब्यांच्या सावलीला बसून जेवढं दिसेल तेवढं बघतात. मी तर वीस वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. यात्रेदिवशी पुस्तक घेऊन आंब्याखाली बसणारी सून, अशीच माझी ख्याती होती.

अण्णा फेटा बांधून, शाल घेऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. नवीन मुलगा पुकारत होता आणि खरंच बरा पुकारत होता. दुपार कलली तशी आईंनी मला ताकाचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "जा, तेवढं पाजून ये. वाळून गेलं असत्याल." मी डोक्यावरचा पदर सारखा करत स्टेजच्या पायऱ्या चढले. गावच्या सुनेने त्या स्टेजवर चढायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ताक द्यायचं आणि उतरायचं, एवढाच माझा विचार होता.

तेवढ्यात घाट थांबला. एक गाडा पुकारला होता, पण खाली जुंपायला कुणी हलेना. गाडामालक गाड्याला पाठ लावून चक्क जमिनीवर बसला होता. दोन-तीन माणसं त्याला समजावत होती आणि तो तोंड फिरवत होता. नवीन मुलाने परत पुकारलं, "डिंगोऱ्याचे गाडामालक रामदास, गाडा जुंपून घ्या." रामदास ढिम्म. बबनराव घाम पुसत इकडून तिकडे फिरत होते.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "रामदास? आन ह्यानं नुसतं डिंगोऱ्याचे रामदास म्हनून पुकारलं?"

आमच्या घाटात गावच्या जावयाचा गाडा नुसत्या नावाने पुकारत नाहीत. आधी कुणाचे जावई ते सांगायचं, मग नाव. रामदास तर खुद्द बबनरावांचे थोरले जावई. नवीन मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सासऱ्याने सगळ्या यात्रेदेखत खाली जाऊन मनधरणी करायची, तर त्यांचीही मिशी आडवी येत होती. अण्णांनी हात पुढे केला. त्या मुलाने क्षणभर बघितलं आणि माईक त्यांच्या तळहातावर ठेवला.

"थांबा, पावणं," अण्णांचा आवाज घाटभर गेला, आणि मला दिसलं की लांब आंब्याखाली बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "घाटाची चूक झाली. आमच्या गावचे जावई, बबनरावांच्या सुनंदाचे मालक, डिंगोऱ्याचे रामदास पावणं. ह्यांची रुसायची आवड जुनी हाय. लग्नात घोड्यावरनं उतरंना झालते. तवा बी मीच माईकवर व्हतो. तवा सुनंदानं आतनं निरोप धाडला, का उतरत नसले तर घोड्याला वरमाला घालते. मंग उतरले. आज सुनंदा आंब्याखाली बसली हाय. निरोप धाडू का जुंपताय?"

सगळा घाट खदखदून हसला. रामदास आधी तसेच बसले होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि हसत हसतच ते उठून बैलांकडे गेले. नवीन मुलगा बर्फाचं सरबत घेत म्हणाला, "अण्णा, आता तुमीच चालवा. माझा घसा गेलाय." त्याचा घसा चांगला होता. मला तो मुलगा त्या क्षणी फार आवडला.

मी तांब्या ठेवला आणि सवयीने म्हणाले, "ताक उजव्या हाताला ठेवलंय, अण्णा. मी चालले."

त्यांनी माझं मनगट धरलं. "चालले न्हाई. बस हितं." मग हळू म्हणाले, "जुंपलं का? सांग मला. कानात सांग." हसवणारी गोष्ट संपली होती, आता बैल पळणार होते, आणि माईक त्यांच्या हातात होता. संदीप खाली गर्दीत होता, त्याने डोक्याला हात लावला. मी बसले.

समोर बघितलं आणि माझ्यातली वाचक जागी झाली. मी अण्णांच्या कानाशी सांगायला लागले, "समोर घाट उतरत गेलाय, दोन्ही बाजूंना माणसांची दाटी आहे, भंडारा उधळल्याने हवा पिवळी झाली आहे, आणि दूर खाली..."

"पोरी, कादंबरी नको," अण्णा म्हणाले. "बैल सांग." माईक तोंडाशीच होता. हे सगळ्या घाटाने ऐकलं.

"पांढरे आहेत," मी म्हणाले.

"समदंच पांढरं असत्यात. शिंगं कशी हायेत? डावा पुढं हाय का उजवा?" शिंगं कशी आहेत ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. सांगितलं. निशाण वर, सांगितलं. निशाण पडलं, सुटला, घोडी पुढं, डावा ओढतोय, निम्मा आला, आला, आला, गेला. माझ्या एकेका शब्दावर अण्णा एकेक वाक्य बांधत होते, आणि मी सांगितलं ते त्यांच्या तोंडून ऐकताना मलाच अधिक चांगलं दिसत होतं. शेवटचा भिर्रर्र त्यांनी असा लांबवला की त्या मुलाने सरबत बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारी किती बाऱ्या झाल्या ते मला ठाऊक नाही. मी चुकत होते, अण्णा मला माईकवरच रागवत होते, लोक हसत होते. पदर केव्हा खांद्यावर आला तेही कळलं नाही. शाल खुर्चीमागे पडली होती, तिच्यावर कुणीतरी माईकची वायर गुंडाळून ठेवली. त्या कादंबरीतला माणूस भला होता. त्याच्या लेखकाने त्याला एकटं ठेवलं, एवढंच माझं आता तिच्याबद्दलचं म्हणणं आहे. अण्णांना मी दोन घटका डोळे दिले असं गावातले लोक म्हणतात. मला विचाराल तर, ज्या गावात मी वीस वर्षं पुस्तकात तोंड घालून राहिले ते गाव त्या दिवशी त्यांनी मला दाखवलं.

शेवटची बारी सुटली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बैल कोसे होते, म्हणजे पांढऱ्यावर मातकट झाक असलेले, हेही मला एव्हाना कळत होतं. निशाण पडलं. आणि ते बैल असे निघाले, की पाय टेकतच नव्हते म्हणा ना. धूळ त्यांच्या मागेच राहिली. घोडी मागे पडते की काय असं वाटलं. चढ नव्हताच जणू तिथे. अण्णांचा कान माझ्या तोंडाशी होता, त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. गाडा आला, आमच्या समोरून गेला, सगळा घाट श्वास रोखून बघत राहिला, आणि भोंगा गप्प होता.

मग अण्णांनी माझं मनगट सोडलं, माईक नीट धरला आणि शांतपणे म्हणाले, "पावणं, बारी लई भारी झाली. माजी सून बोलायची इसरली."